नुसते हात

३ जून

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पार्सल काल पोचलं. आत निघालं ते असं: लोकरीची बंडी एक, जुनी पण धड. सुयांची पुडी एक. करड्या दोऱ्याची रिळं चार. पितळी अंगुस्तान एक, एका बाजूने चेपलेलं. छोटी कात्री एक. टपालाला तुला पंचाऐंशी पडले. अगं, बंडी काढून ठेवली असतीस तर निम्म्यात भागलं असतं. इथे काय बर्फ पडतंय? पण असो, आली ती लक्ष्मी.

आपल्या पाहुणीने ते अंगुस्तान उचललं, बोटात घालून बघितलं आणि बाहीने पुसत बसली, किती वेळ. घाईत निघताना तुझ्याकडेच राहिलं होतं म्हणे. "ताई, हा चेप बघा. त्याने भिंतीवर मारलं होतं, माझ्या कानाजवळून गेलं," असं सांगितलं, आणि पुन्हा पुसायला लागली. मी पुढे काही विचारलं नाही. ज्या तोंडाने देवाचं नाव घ्यायचं त्याच तोंडाने त्याचं नाव कशाला?

तू म्हणालीस तसं फोनवर तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. तिचा नवराच तुमच्या कोपऱ्यावरचा फोनवाला. तुमच्या अख्ख्या इमारतीचे फोन त्याच्या हाताखालून गेलेले, त्यांत त्याने काय काय पेरून ठेवलंय ते देव जाणे. आपला कागद बरा. ज्याच्या हातात, तोच वाचतो.

ती आता रुळली आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या रफूच्या दुकानात खिडकीशी बसते. रफू अशी, की भोक कुठे होतं ते कपड्यालाही आठवू नये. एकच खोड आहे, दोरा दाताने तोडते. उष्टा दोरा लोकांच्या कपड्यात जातो म्हटलं की मला कसंसंच होतं. आता कात्री आली, ते एक बरं झालं.

लेकीचं काम जोरात आहे. आमच्या रस्त्यावरच्या बेकरीची वेबसाइट तिचीच, किल्लीवाल्याची तिची, चष्मेवाल्याची तिची, आणि आता मास्तरांचीही. साइट बांधून दिली की झालं, असं नसतं गं. दरवर्षी तिचं भाडं भरायचं, भाव बदलले की पान बदलायचं, आणि फॉर्मातून लोकांच्या चौकश्या येतात त्यांना उत्तरं द्यायची. हिशेब आणि चौकश्या माझ्याकडे. माझा नियम एकच: आलेली चौकशी दिवेलागणीच्या आत मार्गी. सगळ्या दुकानदारांनाही तोच पाठ केलाय. लेक म्हणते, "आई, तू शाळेत असतीस तर पोरं पळून गेली असती."

मागच्या महिन्यात मास्तरांच्या साइटवर फोटो हवा होता. विकतचे फोटो मिळतात, पण त्यांचे दर ऐकून मी हात जोडले. म्हटलं, घरचं काम घरच्याच फोटोने दाखवू. पाहुणीचा चेहरा नको, नाव नको, नुसते हात. करंगळीला दोरा गुंडाळलेला, सुई उभी. सुरेख दिसतात. हाताला कुठे नाव असतं?

पोथी चालू आहे. भावजींच्या पोटाला ओवा दे.

तुझी ताई

---

९ जून

ती. ताईला नमस्कार.

बंडीवरून दिलेला ओरडा पोचला, वर मला टपालखर्चही लागला नाही. तू म्हणजे ना, देवाघरी गेलीस तरी चित्रगुप्ताची वही तपासून देशील.

भाचीने मागच्या महिन्यात पाठवली तेव्हापासून मास्तरांची साइट मी रोज उघडते. सकाळी चहा झाला की आधी ते हात बघते. ह्यांनी परवा विचारलं, "एवढं काय बघतेस?" म्हटलं, भाचीचं काम. खोटं थोडंच आहे? ती आमच्याच मजल्यावर राहायची तेव्हा रात्रीबेरात्री आवाज यायचे. आता ते हात असे शांत बसलेले दिसतात, आणि मला थंडावा वाटतो.

मध्ये चार दिवस साइट बघता आली नाही. फोन हातातून पडला, काचेचा चुरा झाला. ह्यांनीच नेऊन काच बदलून आणली, अर्ध्या पैशात. तुला आवडेल असा सौदा.

फोनवाला बाकी अगदी शांत आहे. भेटला की हसतो, जिन्यात पिशवी उचलून देतो. "काकू, काही कळलं का हो तिचं?" असं मऊ विचारतो. बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, किती साधा माणूस, बायकोच नतद्रष्ट. मी म्हणते, हो ना. आणि घरात येऊन दाराला कडी घालते.

भावजींना, म्हणजे तुझ्या भावजींना, ओवा दिला. तोंड वाकडं करून खाल्ला.

तुझी चिमी

---

१५ जून

चि. चिमीस आशीर्वाद.

सगळं कुशल. मास्तरांच्या साइटची कमाल बघ. नुसत्या हातांवर गिऱ्हाईकं यायला लागली! त्यातलं एक तर फार चोखंदळ. फॉर्मात नाव लिहिलं नाही, "कोटाचा मालक" एवढंच. पण लिहिणं किती अदबीचं! आधी विचारलं, काम हाताचं की मशीनचं? मी कळवलं, हाताचंच. मग विचारलं, कारागीर जुनी आहे का? मी कळवलं, चार महिन्यांपासून आहे, पण हात वर्षानुवर्षांचा.

मग त्याने जे विचारलं त्याने मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! "कारागीर दोरा कात्रीने कापते की दाताने तोडते?" म्हटलं, आला बाई कुणीतरी उष्ट्याखरकट्याचा विधिनिषेध पाळणारा. आजकाल कोण विचारतं एवढं? मी आपलं खरं ते लिहिलं. आधी दाताने तोडायची सवय होती, पण आता मी तिला कात्री आणून दिली आहे, आपण निर्धास्त असा. त्यावर त्याचं उलट उत्तर, "आभारी आहे. मला तीच पाहिजे होती." भेटीची वेळ विचारली. सोमवार ते शनिवार, सकाळी दहापासून, असं कळवलं.

मास्तर खूश. "ताई, तुम्ही गिऱ्हाईक पटवता, मी आयुष्यभर नुसतं घालवत आलो," म्हणाले.

पाहुणीला अजून सांगितलं नाही. कोट आला की सांगेन, तेवढाच आनंद.

तुझी ताई

---

१८ जून

ताई,

पत्र आत्ता हातात पडलं, उभ्या उभ्या लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येईल, वाच कसंही.

तो गिऱ्हाईक नाही. तोच आहे. अगं, फोटोत नुसते हात आहेत, तोंड कुठे आहे? ती दोरा दाताने तोडते हे फोटो बघणाऱ्याला कसं कळेल? कोटाच्या मालकाला दातांशी काय करायचंय? हे त्यालाच ठाऊक, जो वर्षानुवर्षं तिच्यासमोर बसून बघत होता. त्याने विचारलं नाही गं, त्याने ओळख पटवली. आणि तू "हो" म्हणालीस.

तुला बोल लावत नाही. लावू कशी? तुझं पत्र वाचलं आणि ह्यांना विचारलं, "काच कुठे बदललीत?" तर म्हणे, "खालीच. कोपऱ्यावर. दुसरीकडे दुप्पट मागत होते." मी ओरडले तेव्हा चेहरा पांढरा झाला त्यांचा. "मला काय माहीत, तू त्या फोनात काय बघतेस?" खरंच, त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं. पुरुषांच्या पोटात राहत नाही म्हणून. चार दिवस फोन त्याच्याकडे होता, आणि त्यात सगळ्यात वर उघडं पान ते हातांचं.

तिला दुकानात पाठवू नकोस. फोटो काढा. मला फोन करू नकोस, माझा हा फोन मी कणगीत पुरल्यासारखा कपाटात ठेवलाय. शेजारणीच्या फोनवरूनही नको, सगळे त्याच्याच हातचे आहेत.

आज त्याचं दुकान उघडं आहे. मला बघून हात केला.

चिमी

---

२२ जून

चि. चिमे,

तुझं पत्र वाचलं तेव्हा देवापुढे बसले होते. मी माझ्या हाताने लिहून दिलं गं, "आपण निर्धास्त असा."

पाहुणीला सांगावंच लागलं. रडली नाही. नुसती म्हणाली, "मला वाटलंच होतं, हात विसरत नाही तो." तेव्हापासून मागच्या खोलीत आहे. खिडकी लावलेली. गॅस पेटवायच्या लायटरचा आवाज झाला तरी दचकते, आणि ती दचकली की मी दचकते.

लेक म्हणाली, फोटो एकदम काढला तर त्याला कळेल की आपल्याला कळलं. साइट बंद केली तर मास्तरांचा धंदा बुडेल, आणि त्याचा संशय पक्का होईल. तिने डोकं चालवलं. फोटो तसाच ठेवायचा, पण हात बदलायचे. मला खिडकीशी बसवलं, करंगळीला दोरा, सुई उभी, तोच उजेड. माझ्या हातावरचे डाग बघून म्हणाली, "आई, असू देत. खरे दिसतात." आता साइटवर माझे हात आहेत. मग मी त्या मेल्याला लिहिलं, की आधीची उत्तरं माझ्या लेकीने दिली होती, आमच्या साइटवरचे हात माझेच, दुकानात कारागीर म्हणून मीच बसते, कळावे. चिमे, एवढं वय झालं, हिशेबात कधी एका पैशाचं खोटं लिहिलं नाही. हे लिहिलं. देव बघून घेईल, त्याला काय कात्री आणि दात सारखेच.

त्याचं उत्तर आलं, एकच शब्द. "बरं."

वाटलं, टळलं. आणि काल बेकरीवाला हसत हसत आला. "मावशी, माझ्याही साइटवर चौकशी आली! पहिलीच." आमची लेक प्रत्येक साइटच्या तळाशी आपलं नाव घालते, आणि तिच्या पानावर सगळ्या दुकानांची नावं आहेत. तिथून तो एकेकाकडे गेला. किल्लीवाल्याला विचारलं, रफूचं दुकान तुमच्याच रस्त्यावर का? चष्मेवाल्यालाही तेच. त्या दोघांनी उत्तर दिलं नव्हतं, नेहमीसारखे आळशी, देव त्यांचं भलं करो. पण बेकरीवाल्याने दिलं. वाचून दाखवलं मला. "रफूचं दुकान आमच्या समोरच. तिथली बाई भली आहे, संध्याकाळी आमच्याकडूनच पाव नेते. मागच्या गल्लीत पिवळ्या दाराच्या घरात राहते."

मी त्याच्या हातून फोन हिसकावला आणि पुन्हा वाचलं. तो बिचारा घाबरला. "मावशी, तुम्हीच नाही का म्हणालात, दिवेलागणीच्या आत उत्तर?"

त्याला खरं काय ते सांगितलं तेव्हा डोक्याला हात लावून बसला. मग उठला तो रंगाचा डबाच घेऊन आला आणि भर उन्हात आमचं दार हिरवं केलं. सांगून ऐकेना. रंग अजून चिकटतोय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बाहीला हिरवा पट्टा लागतो. एकच देवाची कृपा म्हणायची, त्याने उत्तरात बाईचं वय नाही लिहिलं. पिवळ्या दारात मीही राहतेच की.

लेक सगळ्या चौकश्या कागदावर छापून ठाण्यात गेली होती. तिथल्या बाई हवालदारांनी नीट वाचल्या, नोंद केली, स्वतःचा नंबर दिला. पण म्हणाल्या, चौकशी करणं हा गुन्हा नाही. दारात आला तर लगेच कळवा.

पाहुणीला दुसरीकडे कुठे ठेवता येईल? तुझी नणंद आमच्या पुढच्या गावी असते ना? विचारून बघ. आणि तो तिथेच आहे ना, ते बघ.

ताई

---

२५ जून

ताई,

तो इथे नाही.

दुकानाचं शटर परवापासून खाली आहे. त्यावर कागद लावलाय, "कामानिमित्त बाहेरगावी. दुरुस्तीला दिलेले फोन नंतर मिळतील." बायका म्हणतात, बायकोला शोधायला गेला बिचारा. बिचारा!

नणंदेकडे ह्यांना पाठवलं. स्वतःहून गेले, काच बदलल्याचं पाप धुवायला. ती म्हणाली, खुशाल पाठवा. पाळणाघर चालवते ना ती, तिथे फाटक्या कपड्यांना काय तोटा. पण तिचीही एक अट आहे, आणि मला ती पटते. तो कुठे आहे हे कळल्याशिवाय पाहुणीला घराबाहेर काढू नका. तुमच्या रस्त्यावर कुठे उभा असला तर मागोमाग पाळणाघरापर्यंत येईल. तिथे लहान मुलं आहेत.

म्हणून ऐक. तो इथे परतला, दुकानात बसलेला मी डोळ्यांनी बघितला, की मगच तिला हलवायचं. तोवर नाही.

ताई, तू दुकानात बसू नकोस गं. आपल्या आईला आपण दोघीच.

चिमी

---

२९ जून

चि. चिमे,

तो आला होता.

तू बसू नको म्हणालीस, पण तुझं पत्र पोचायच्या आधीच मी बसायला लागले होते. लिहून दिलं होतं ना, कारागीर मीच म्हणून. रिकामी खुर्ची बघून त्याला कळलं असतं. चार टाके मलाही येतात. सुई बोटात घुसायला लागली तेव्हा पाहुणीने आपलं अंगुस्तान काढून दिलं. मला तंग होतं, पण बसलं.

काल सकाळी दुकान उघडल्यावर बऱ्याच वेळाने एक माणूस आत आला. किती साधा गं! स्वच्छ शर्ट, हातात कागदाची पिशवी. मास्तरांना नमस्कार केला. मास्तरांचा फोन टेबलावर होता, त्याची काच तडकलेली. तो वाकून म्हणाला, "काका, काच गेलीय तुमची. द्या इकडे, दोन मिनिटांत करून देतो. पैसे नकोत."

मास्तरांना आम्ही सगळं सांगितलेलं, तरी हात पुढे झालाच बघ त्यांचा. फुकट म्हटलं की माणूस विरघळतो. मी म्हणाले, "मास्तर, राहू दे हो. चालतोय ना?" तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"तुम्हीच का त्या?"

"कोण त्या?"

"साइटवरच्या." त्याने आपला फोन काढला, आमची साइट उघडली आणि माझ्या हाताशेजारी धरली. आधी फोटो बघितला, मग माझा हात, मग पुन्हा फोटो. बराच वेळ. मी मनातल्या मनात नाव घेत होते, कुठल्या देवाचं तेही आठवत नाही.

"हात वेगळे वाटतात," म्हणाला.

"वय झालं, बाबा. रोज वेगळेच वाटतात."

हसला तो. "आधी दुसरा फोटो होता."

"तो माझ्या लेकीला आवडला नव्हता. आजकालच्या मुलांना काय, रोज नवं हवं." आवाज कापला नाही. कसा नाही कापला, देव जाणे.

मग अगदी मऊपणे म्हणाला, "मावशी, तुम्ही दोरा दाताने तोडायचात ना?"

चिमे, माझ्यासमोर गिऱ्हाईकाची पांढरी चादर होती, टाका संपला होता, कात्री शेजारीच होती. मी दोरा तोंडात धरला आणि तोडला. आयुष्यात पहिल्यांदा. वर म्हटलं, "लेक ओरडते म्हणून कात्री आणली. पण जुनी खोड, जाते का?"

त्याने पिशवीतून एक शाल काढली, बाईमाणसाची, कोपरा फाटलेली. टेबलावर ठेवून नीट सरळ केली. "एवढी रफू करून ठेवा. घाई नाही. न्यायला येईन."

"नाव काय लिहू?"

"कोटाचा मालक," म्हणाला, आणि गेला. बेकरीसमोर उभा राहिला, एक पाव घेतला, गल्लीकडे बघत खाल्ला. तिथून पुढे कुठे गेला ते बेकरीवाल्याला गर्दीत दिसलं नाही. लेकीने बाई हवालदारांना कळवलं, त्या लगेच आल्या, सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मारतात. पण शाल रफूला देणं हाही गुन्हा नाही.

त्याने मानलं असं मला वाटत होतं. घरी येऊन देवापुढे दिवा लावायला काडी ओढली, तर ती धरता येईना, बोटात अंगुस्तान अडकलेलं होतं. तेच, चेपलेलं. त्याच्या हातचा चेप. फोन माझ्या हाताशी धरून तो इतका वेळ बघत होता तो हात बघत होता की ते, मला सांगता येत नाही. आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली. कधी वाटतं नजर मनगटावर होती, कधी वाटतं बोटावरच.

शाल पाहुणीला दाखवली नाही. कपाटात वर ठेवली आहे, आणि ती कपाटाकडे पाठ करूनच बसते. तिला वासाने कळलं की काय कोण जाणे. तोंडात माझ्या अजून त्या दोऱ्याची चव आहे, दोनदा चूळ भरली तरी जात नाही.

आता सगळं तुझ्या एका नजरेवर आहे. तो मला बघून खरंच फसला असेल तर आज-उद्यात तुमच्याकडे परतेल आणि दुकान उघडेल. बेकरीची पावाची गाडी पहाटे नणंदेच्या गावाकडे जाते. बेकरीवाल्याने मागे जागा करून ठेवली आहे, पावाच्या पाट्यांच्या आड. दुकान उघडं असेल तर तुझं उत्तर आलं की लगेचच्या पहाटे तिला बसवून देऊ. आणि बंद असेल, तर तो अजून इथेच आहे, आमच्या या रस्त्यावर, कुठल्या तरी दाराआड. मग आम्ही खिडकीची फटसुद्धा उघडणार नाही.

म्हणून खाली जा. त्याच्या शटरकडे बघ. हसून हात केला तर तूही हात कर, घाबरलीस तरी कर. खुशाली नको, भावजींचं पोट नको, बंडीचं नको. एकच शब्द लिही, "उघडं" किंवा "बंद", आणि तो उलट टपाली पाठव.

ताई